दोन दिवसांची मुंबई

शनिवार-रविवार गाठून मुंबई पाहून येणे हा महाराष्ट्रातल्या कुटुंबांचा जुना रिवाज आहे. तो तीन गोष्टींवर उभा राहिला: मुंबईला पोचायला लागणारा वेळ, हाताशी असलेली सुटी आणि रात्री पाठ टेकायला मिळणारी जागा. मुंबईतली कोणती ठिकाणे पाहण्याजोगी ठरली आणि कोणती मागे पडली, हेही बहुतेक वेळा या तिहींच्या हिशेबानेच ठरले.

रेल्वे येण्याआधी दोन दिवसांत मुंबई पाहून परतणे ठाणे, वसई, उरण, पनवेल अशा जवळच्या मुलखालाच जमत असे. मुंबई बेटावर होती, खाडी ओलांडल्याशिवाय तिथे पाय ठेवता येत नव्हता. १८०३ साली शीवजवळ खाडीवर बांध झाला आणि साष्टीशी जमिनीवरून येणे-जाणे सुरू झाले. १८४५ साली लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांच्या बळावर माहीम आणि वांद्रे जोडले गेले. घाटावरच्या माणसाची वाट वेगळी होती. पुण्याहून निघालेला प्रवासी बोरघाट उतरून खोपोलीला येई, तिथून पनवेल गाठी आणि पनवेलच्या बंदरात मचव्यात बसून मुंबईच्या धक्क्याला लागे. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि चढ-उतार सोपा झाला, पण खाडीतली भरती-ओहोटी कुणाच्या हातात नव्हती. कोकणातल्या लोकांना तर पावसाळ्याचे चार महिने समुद्राची वाट बंदच असे. एवढ्या यातायातीला नुसती हौस पुरणे कठीण होते. लोक कोर्टाच्या कामाला, व्यापाराला, नोकरीच्या शोधात मुंबईला जात आणि काम उरकले की मुंबादेवी, महालक्ष्मी, वाळकेश्वर आणि बाणगंगा करून परतत. मुंबई पाहणे हे त्या काळी दुसऱ्या कामाला जोडून येणारे सुख होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली रेल्वे धावली. पुढच्या वर्षी गाडी कल्याणला गेली, १८५६ मध्ये खोपोलीला. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा वरचा तुकडा सुरू झाला, पण मधला बोरघाट अजून बांधून व्हायचा होता. त्यामुळे पाच वर्षे प्रवाशांनी खालच्या गाडीतून उतरायचे, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी पकडायची, असा क्रम चालला. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला. या कामावर हजारो मजुरांचे जीव गेले. पटकी, ताप, सुरुंगांचे अपघात आणि कड्यांवरून कोसळणे ही त्यांची कारणे होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हाही भारतात पोचल्यावर थोड्याच काळात दगावला, आणि पुढचे कंत्राट त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने सांभाळून तडीस नेले. पुण्याहून मुंबईला काही तासांत पोचण्याची जी सोय नंतरच्या पिढ्यांनी गृहीत धरली, तिची किंमत या लोकांनी मोजली होती, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे कुठे नोंदलेलीही नाहीत. १८६५ मध्ये थळघाटातली वाट खुली झाली आणि नाशिक-खानदेशचा मुलूखही मुंबईशी जोडला गेला.

घाट पुरा झाला त्याच वर्षी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. एका शहराचे समग्र वर्णन करणारे हे मराठीतले पहिले पुस्तक. १८८९ मध्ये बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला. मुंबई हा स्वतंत्रपणे जाणून घेण्याचा आणि पाहण्याचा विषय आहे, ही जाणीव या दोन पुस्तकांमधल्या पाव शतकात मराठी वाचकांत पक्की झाली.

पाहण्याजोगे पुष्कळ काही याच काळात उभे राहत होते. १८६० च्या दशकात सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले आणि शहराने मोकळा श्वास घेतला. १८६२ मध्ये भायखळ्याची राणीची बाग खुली झाली. तिच्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवूड यांच्या खटपटीतून उभारलेले संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले. १८६९ चे क्रॉफर्ड मार्केट, १८७८ चा राजाबाई टॉवर, १८८८ मध्ये पूर्ण झालेले बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस या इमारती एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गाडीतून बोरीबंदरला उतरलेल्या पाहुण्याला निम्मे शहर पायीच पाहता येई. उरलेल्यासाठी ९ मे १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत ती जाई आणि सुरुवातीला भाडे तीन आणे होते. तीन आणे त्या काळी मजुराला परवडणारे नव्हते. हौशी पाहुण्याच्या दृष्टीने मात्र ट्राममधली बैठक हेच एक प्रेक्षणीय ठिकाण होते. १९०७ मध्ये ट्राम विजेवर धावू लागल्यावर ही ओढ आणखी वाढली.

वेळ रेल्वेने वाचवला, पण सुटी कुठून आणायची हा प्रश्न राहिलाच. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत. गिरण्या तशा बंद राहत नसत. सण सोडले तर कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारला सादर केला. रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या पहिल्या मागण्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यांच्यापुढे दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याच्या सुटीला मान्यता दिली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळाला. मुंबईच्या रविवारचा विचार या लढ्याला बाजूला ठेवून होऊच शकत नाही. राणीची बाग, चौपाटी, महालक्ष्मीचे देऊळ इथे रविवारी दिसणारी कष्टकऱ्यांची गर्दी या सुटीमुळे शक्य झाली. गावाकडून भेटायला आलेल्या भावाला, बापाला शहर दाखवायला कामगाराला मोकळा दिवस मिळाला तो हाच.

१८९६ मध्ये मांडवीच्या वस्तीत प्लेगची साथ सुरू झाली आणि माणसे मुंबईकडे येण्याऐवजी मुंबईतून पळू लागली. स्टेशनांवर उतारूंची तपासणी होऊ लागली, संशयितांना छावण्यांत ठेवले जाई. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. त्या वर्षांत मुंबईची वारी थंडावली ती साथ ओसरेपर्यंत.

राहण्याची सोय हा या रिवाजाचा सर्वांत कमी नोंदला गेलेला आणि तरीही सर्वांत महत्त्वाचा भाग. पैसेवाल्यांसाठी हॉटेले होती. यात्रेकरूंसाठी शेठ-सावकारांनी बांधलेल्या धर्मशाळा होत्या. मध्यमवर्गीय मराठी माणसासाठी खाणावळी आणि लॉज होते. क्रॉफर्ड मार्केटसमोरचे सरदारगृह त्यांतले प्रसिद्ध. लोकमान्य टिळक मुंबईत तिथेच उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तिथेच झाले. पण बहुसंख्य पाहुणे यांपैकी कुठेच उतरत नसत. ते गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या नातेवाइकांच्या चाळीतल्या खोलीवर जात. एका खोलीत सात-आठ माणसांचे बिऱ्हाड असले तरी पाहुण्याची गादी पडे, आणि जागा कमी पडली की पुरुषमंडळी बाहेर गॅलरीत किंवा गच्चीवर झोपत. गिरणगावात तर आणखी वेगळी सोय होती. कोकणातल्या आणि देशावरच्या अनेक गावांच्या ग्रामस्थ मंडळांनी चाळींत गाळे घेऊन ठेवले होते. गावचा कोणीही माणूस थोडीशी वर्गणी भरून तिथे आपली ट्रंक ठेवू शके आणि पाळीप्रमाणे झोपायला जागा मिळवू शके. अशा खोल्या नसत्या तर सातारा-रत्नागिरीकडच्या गरीब कुटुंबांना मुंबई पाहता आली नसती.

बेत आखण्याची रीतही याच नातेसंबंधांतून ठरे. आठ-पंधरा दिवस आधी कार्ड टाकायचे, कोणत्या गाडीने येणार ते कळवायचे, घरून तांदूळ, कडधान्य, लोणचे, कोकमे असे काही न्यायचे. परतताना क्रॉफर्ड मार्केट, मंगळदास मार्केट किंवा भुलेश्वर इथली खरेदी होई. काय पाहायचे ते पाहुण्याने ठरवायचे नसे. यजमानाला कोणता दिवस मोकळा आहे आणि ट्राम कुठपर्यंत जाते, यावर क्रम लागे.

दोन दिवसांच्या सहलीसाठी मुद्दाम काढलेली गाडी मात्र उलट दिशेच्या प्रवाशांसाठी होती. १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली, विजेच्या इंजिनावर धावणारी आणि सात डब्यांची. सुरुवातीला ती आठवड्याअखेरीसच धावे. मुंबईतले श्रीमंत लोक, विशेषतः घोड्यांच्या शर्यतींचे शौकीन, पुण्याला जात, त्यांच्यासाठी ही सोय होती. साहेब आणि शेठ यांच्या लेखी सुटी म्हणजे मुंबईबाहेर पडणे. १९०७ पासून माथेरानला छोटी गाडी होती, खंडाळा-लोणावळ्याला बंगले होते. पुण्यातल्या सामान्य माणसाचा आणि या गाडीचा संबंध बऱ्याच उशिरा आला. तिला केवळ पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे डबे होते. पहिला वर्ग १९४९ च्या आरंभी बंद झाला आणि तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते १९५५ च्या जूनमध्ये. म्हणजे गाडी सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी. त्यानंतर मात्र तिने पुणेकरांची मुंबई बदलून टाकली. सकाळी सव्वासातला पुण्याहून निघून साडेदहाच्या आत बोरीबंदरला उतरायचे, कामे आणि फेरफटका आटोपून संध्याकाळी पाच दहाला परतीची गाडी धरायची, असा एका दिवसाचा बेत बसू लागला. मुक्कामाचा प्रश्नच उरला नाही. मनमाड-नाशिककडच्या लोकांसाठी पुढे ‘पंचवटी एक्सप्रेस’ने हीच सोय केली.

स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके हा ‘मुंबई दर्शन’चा बहराचा काळ होता. गेटवे ऑफ इंडिया १९२४ पासून आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ पासून खुले होतेच. त्यांत १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाची भर पडली. मलबार हिलवर हँगिंग गार्डनसमोर कमला नेहरू पार्क झाले आणि तिथला म्हातारीचा बूट घरोघरच्या फोटोंत दिसू लागला. गोरेगावची आरे दूध वसाहत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी आणि १९७७ मध्ये वरळीला सुरू झालेले नेहरू तारांगण हीही ठिकाणे यादीत आली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. त्यानंतर ट्रामची जागा दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरच्या पुढच्या बाकाने घेतली. ही यादी कुणा एका तज्ज्ञाने केलेली नव्हती. शाळांच्या सहलींनी ती घट्ट केली. एस.टी.च्या सवलतीच्या बसमधून पहाटे आलेली पन्नास मुले संध्याकाळपर्यंत कुठे कुठे नेता येतील, या हिशेबाने ती बनली. राणीची बाग, मत्स्यालय, म्हातारीचा बूट, गेटवे हा क्रम लाखो मुलांच्या मनात मुंबई म्हणून राहिला तो त्यामुळे. घारापुरीची लेणी अपोलो बंदरापासून लाँचने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहेत, सोमवारी बंद असतात आणि जाऊन-येऊन निम्मा दिवस घेतात. महाराष्ट्रातल्या सर्वश्रेष्ठ शिल्पांपैकी काही तिथे असूनही घाईच्या दर्शनातून ती वगळली जात, ही या यादीतली खरी उणीव म्हणावी लागेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर डिसेंबर १९५६ मध्ये दादरला अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी ६ डिसेंबरच्या सुमारास विदर्भ, मराठवाडा आणि राज्याबाहेरून लाखो अनुयायी तिथल्या चैत्यभूमीवर येतात, शिवाजी पार्कवरच्या मंडपांत मुक्काम करतात आणि पुस्तके विकत घेऊन परततात. यांतल्या अनेक कुटुंबांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती याच निमित्ताने. अभिवादन झाल्यावर गेटवे आणि समुद्र पाहून गाडी धरणे हा त्यांच्या प्रवासाचा भाग असतो. शहराच्या पर्यटनाच्या वर्णनांत या प्रवाशांना क्वचितच जागा मिळते. प्रत्यक्षात थोड्या दिवसांसाठी मुंबईत येणाऱ्या लोकांचा एवढा मोठा आणि एवढा शिस्तबद्ध मेळा दुसरा शोधावा लागेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या मोडल्या. कामगार गावी परतले किंवा उपनगरांत पांगले, आणि गिरण्यांच्या जागी पुढे मॉल आणि मनोरे उठले. गिरगाव-दादरची मध्यमवर्गीय बिऱ्हाडे आधीच डोंबिवली, कल्याण, ठाणे, विरारकडे सरकत होती. पाहुण्यांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. शहराच्या मध्यावर पाठ टेकायला जागा देणारी माणसेच तिथून गेली. आता नातेवाइकांकडे उतरायचे तर डोंबिवलीत उतरायचे आणि गेटवे पाहायला तास-सव्वा तास लोकलने जायचे, तेवढाच वेळ परत यायचे. गाड्या वेगवान झाल्या तरी दोन दिवसांतले पाहण्याचे तास कमी झाले. मुंबई पाहण्याच्या रिवाजात एवढा मोठा बदल दुसऱ्या कोणत्याही एका घटनेने घडवला नसेल.

१९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांसाठी वापरलेल्या बस एस.टी.ने पुढे दादर-पुणे मार्गावर आणल्या. ‘एशियाड’ हे त्यांचे नाव प्रवाशांच्या तोंडी आजही आहे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, त्याच वर्षी रेल्वेची तिकिटे घरबसल्या इंटरनेटवर मिळू लागली आणि खिडकीपुढच्या रांगा हळूहळू ओसरल्या. कोकणाला १९९८ मध्ये अखंड रेल्वे मिळाली. सुटीही वाढली. केंद्र सरकारने १९८५ मध्ये पाच दिवसांचा आठवडा स्वीकारला, बँकांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला, आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवार-रविवार अशी जोडसुटी मिळाली. महिनाभरातच करोनाच्या टाळेबंदीने सगळे प्रवास थांबले, त्यामुळे या सुटीचा उपयोग व्हायला पुढे दोन वर्षे गेली.

जोडसुटीचा बेत आखताना काही गोष्टी अजून पाहाव्या लागतात. रविवारी लोकलला गर्दी कमी असते, पण त्याच दिवशी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतात, शनिवार-रविवारी खुली. २०१७ पासून बागेत पेंग्विन पाहायला मिळतात आणि सुटीच्या दिवशी मुलांची सर्वांत लांब रांग तिथेच लागते. पर्यटन महामंडळाची उघड्या छताची दुमजली बस १९९७ पासून संध्याकाळी दक्षिण मुंबईच्या रोषणाईतून फिरवत असे. तिच्या जुन्या गाड्या ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेल्या.

अंतरे अजूनही आखडत आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर आणि शिर्डीहून मुंबईला ‘वंदे भारत’ सुरू झाल्या, जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण होऊन नागपूरकर मोटारीने एका दिवसात मुंबईच्या सीमेवर येऊ लागले. दक्षिण मुंबईतले हॉटेलचे भाडे मात्र सामान्य कुटुंबाला झेपत नाही. पुणे-नाशिकचे लोक म्हणून त्याच रात्री परततात, आणि कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, विदर्भ इकडून आलेले दादर, ठाणे किंवा नवी मुंबईत खोली घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल धरून शहरात येतात.